सूर्यास्त दाखवणारी मशीन

९ नोव्हेंबर, रविवार

नाही म्हणजे नाही! समुद्रात एकर नसते. खालिदभाईले हे किती वेळा सांगू? दिवाळीपासून फोनवर हेच चालू होतं, आता माणूस स्वतःच येऊन धडकला. शेलूबाजारवरून थेट गोव्यात, मांडीवर खोका धरून. खोक्यात काय — बोटीवर लावायले एकर मोजायचं मीटर! हार्वेस्टरवर लावतात तेच. किती एकर सोयाबीन सोंगलं, म्हणजे कापलं, ते त्याच्यावर दिसते अन् त्याच्यावर भाडं ठरते. खालिदभाईचं दुकानच त्याचं.

"अरे बावा, जीपीएस म्हंजे जीपीएस," म्हणे. "आसमान में सॅटेलाइट वही है. त्याले काय मालूम खाली सोयाबीन हाये का पानी!"

मी म्हटलं, खालिदभाई, बोटीवर नकाशा लागते. खडक कुठी, रेती कुठी, किनारा कुठी. तुमचं मीटर फक्त इतकंच सांगीन की आपण बुडालो तेव्हा किती एकर झाले होते.

"म्हंजे हिसाब तं पक्का राहीन ना!"

सेठ पोट धरून हसले. सेठ म्हणजे कारंज्याचे हुकूमचंद सेठ. धान्याचा व्यापार, तीन हार्वेस्टर, अन् आता ही शिडाची बोट. मागच्या वर्षी भाचीच्या लग्नाले गोव्यात आले, तासभर बोटीत बसले, दुसऱ्या दिवशी बोटच घेतली. बाकी पाहुणे काजू घेऊन गेले! बोटीले आपल्या आईचं नाव दिलं — त्रिशला. मले मेडशीवरून बोलावलं. "हार्वेस्टर चालवते ना? मंग बोट चालवशीन. हिले तं गिअरही कमी हायेत." झालं. सातवी पास नाही मी, पण सुकाणूवर उभा आहो.

पण ही मजा किती दिवसाची, देव जाणे. सेठले साखरेचा आजार. रोजची गोळी. अन् वरून त्यायचा नेम — सूर्य बुडाला की घास नाही, पाण्याचा थेंब नाही, दिवस उगवेपर्यंत. अकोल्याचा डॉक्टर म्हणते, गोळी घेऊन संध्याकाळचं जेवण चुकलं तर साखर उतरीन अन् माणूस झोपेतच जाईन. म्हणून सेठाणी, गुलाबबाई, स्वतः बोटीवर राहायले आल्या. आल्या तेव्हाच धक्क्यावर उभं राहून, सेठकडे हात करून सांगितलं — "ज्या दिवशी यायचं जेवन चुकलं, त्या दिवशी बोट इकाची. मंग मी कोनाचं आयकनार नाही."

बोट गेली तर मी कुठी? परत हार्वेस्टर. परत नाकात भुसा अन् मोठ्या भावाचे, धम्मपालदादाचे, टोमणे. नाही बावा.


११ नोव्हेंबर

आज मशीनवाले आले. तीन. सेठची पद्धतच आहे — मोटारपंप घ्यायचा असो नाहीतर जावई पाहायचा असो, तीन ठिकाणचे भाव घ्यायचे.

पहिल्यानं रडार दाखवलं. धुक्यात, अंधारात, लांबचं जहाज पडद्यावर ठिपक्यासारखं येते म्हणे. सेठनं सगळं शांतपणे ऐकलं.

"सूर्यास्त दाखवते का?"

"नाही सर, रडारचं काम—"

"पुढचे या."

दुसऱ्यापाशी पाण्याची खोली सांगणारं यंत्र. बोटीच्या खाली किती पाणी आहे ते सतत कळते. सेठ म्हणे, "आपून तं वरून जाऊन राह्यलो. खाली किती हाये ते जानून काय करता?" तो बिचारा माझ्याकडे पाहे. मी समुद्राकडे पाहो.

तिसरा तरणा पोट्टा, गळ्यात टाय. त्याची नकाशाची मशीन. रंगीत पडदा, त्याच्यात सगळा किनारा, खडक, दीपस्तंभ, अन् मधात आपली बोट इवलीशी. आपण सरकलो की ती सरकते. अर्धा तास बोलला बिचारा. सेठनं तोच प्रश्न केला. त्यानं दोन-चार बटनं दाबली अन् कोपऱ्यात बारीक अक्षरात आलं — सूर्यास्त.

"कुठचा? मुंबईचा का दिल्लीचा?"

"तुम्ही जिथं असाल तिथला, सर. समुद्रात कुठंही."

सेठ उभेच राह्यले! "जिथं असू तिथला! गुलाब, आयकलं का?"

गुलाबबाई चश्मा लावून जवळ आल्या. "कोपऱ्यात काहून दाखवते? चोरून राह्यला का तो? मोठ्ठं पाह्यजे."

पोट्ट्यानं मोठं केलं. सगळ्या पडद्यावर नुसता सूर्यास्त अन् आत्ताचा टाइम. तासभर आधी घंटीही वाजते. "फक्त सर, नकाशा मागे गेला."

"राहू द्या मागं. नकाशा कुठी पळून जाते!"

घेतली. जाताना पोट्टा धक्क्यावरून ओरडून सांगे, "सर, एकाच यंत्रावर विसंबू नका. जोडीला दुसरं काहीतरी ठेवा — होकायंत्र, कागदी नकाशा—"

"दुसरं हाये आमच्यापाशी!" सेठ म्हणाले. खालिदभाईनं खोका डोक्यावर उचलून दाखवला.


१२ नोव्हेंबर

पाणी प्यायले खाली स्वयंपाकाच्या जागेत पाय ठेवला. ठेवला अन् काढला. तरी गुलाबबाईनं सगळे भांडे परत घासले. सुनेनं हात लावला तरी घासतात, असं सेठ म्हणाले. असन. मी पाणी वरूनच मागतो.


१४ नोव्हेंबर

मशीन बसली. खालिदभाईनं दोन्ही मशीन एकाच वायरीवर जोडल्या, वरून काळी टेप. "शेलूबाजारात याच टेपवर जीपा चालून राह्यल्या," म्हणे.

सेठनं हौसेनं नकाशा पुढे आणला. पाह्यतो तर आमची बोट जमिनीवर! किनाऱ्यावरच्या मोठ्या हॉटेलात उभी. तेही नेमकी त्यायच्या किचनमध्ये.

गुलाबबाईनं ताट सारलं. "मी हॉटेलात जेवत नाही."

मी म्हटलं, बाई, आपण पाण्यात आहो, हे पाहा पाणी.

"मंग मशीन खोटी हाये का? सूर्यास्त खरा अन् हॉटेल खोटं, असं कसं राहीन? एक तं दोन्ही खरं, नाही तं दोन्ही खोटं."

टायवाल्याले फोन लावला. तो म्हणे, इथला नकाशा जुना आहे सर, पन्नास मीटरचा फरक पडतो, खाडीत डोळ्यांनी पाहून चालवा. सेठले पटलं नाही. मग काय — बोटच सरकवली! थोडी थोडी, मशीनमध्ये हॉटेलातून बाहेर निघेपर्यंत. आता खऱ्याखुऱ्या खाडीत आम्ही अगदी मधात, होड्यायच्या रस्त्यात. जाणारा-येणारा होडीवाला शिव्या देऊन राह्यला. पण मशीनमध्ये पाण्यात आहो. गुलाबबाई जेवल्या.


१६ नोव्हेंबर

धम्मपालदादाले फोनवर माझं ठिकाण पाठवलं, म्हटलं मायले दाखव. त्यानं दाखवलं. माय तिकडून रडून राह्यली.

"चहूकडून निळं हाये रे! जमीन कुठीच नाही! तू पान्यात काहून हायेस?"

माय, मी बोटीवर आहो.

"बोट कुठी दिसते त्यात? तूच दिसून राह्यला एकटा!"

ठिकाण पाठवणं बंद केलं. पाच मिनिटात परत फोन. "आता तं तूही दिसत नाही!"


१९ नोव्हेंबर

टाइमावरून महाभारत. बोटीवर चार टाइम होते. गुलाबबाईचं पंचांग कारंज्याचं — त्यात सूर्य इथल्यापेक्षा वीस मिनिटं आधी बुडते. सेठचं घड्याळ मुद्दाम पुढे केलेलं, गिऱ्हाईकाले घाई करायले. खालिदभाईच्या फोनात मगरिबची अजान होते, बरोबर सूर्य बुडाल्यावर. अन् चौथी मशीन.

सेठनं तीन दिवस सगळं जुळवून पाह्यलं. अजान अन् मशीन एकदम बरोबर निघाले. सेठ खूश. खालिदभाई त्याच्याहून खूश. म्हणे, "सेठजी, रमजानमध्ये मजा येईन. ज्या मिनिटाले तुमी ताट सारसान, त्या मिनिटाले मी ओढीन. बाईले ताट घासाची गरज नाही!"

"पह्यले हात धू," गुलाबबाई म्हणाल्या. पण हसल्या.

खालिदभाईनं टायवाल्यापासून हिशोबही काढून घेतला. पश्चिमेकडे शंभर किलोमीटर गेलं की सूर्य चार मिनिटं उशिरा बुडते. सेठ हे ऐकून पश्चिमेकडे वळले. मग म्हणे, "म्हंजे मानूस पश्चिमेले जातच राह्यला तं?" गुलाबबाई म्हणाल्या, "तं दुकान कोन पाहीन?"

शेवटी हुकूम निघाला. बोटीवर एकच टाइम, मशीनचा. बोट सुटली की सगळ्यायचे घड्याळ अन् फोन डब्यात बंद. तसेही फोनवर सोयाबीनचे भाव येऊन येऊन सेठचं डोकं फिरे.


२२ नोव्हेंबर

आज खऱ्या समुद्रात गेलो. पहिल्यांदा शीड पूर्ण उघडलं, इंजिन बंद, अन् एकदम आवाजच गेला! हार्वेस्टरवर सहा वर्षं काढली, मले वाटे चालायचं म्हणजे घरघर पाहिजे. इथं काहीच नाही. पाणी फक्त बाजूनं पळते. मी ओरडलो. काहून ओरडलो माहीत नाही. सेठही ओरडले. गुलाबबाई म्हणाल्या, "काय झालं? कोन पडलं?"

वारा समोरून असला की शिडाची बोट सरळ जात नाही, तिरपं तिरपं जावं लागते, आधी डावीकडून, मग उजवीकडून. खालिदभाईच्या मीटरले हे अजिबात मंजूर नाही. त्याले वावरातली सरळ ओळच माहीत. वळलं की बोंबलते, आपलीच वाट कापली की आणखी बोंबलते — एकदा सोंगलेल्या वावरात परत काहून घुसले म्हणून. दिवसभर पी पी पी. संध्याकाळी खालिदभाईनं आकडा वाचला. "सेठजी, छत्तीस एकर!" सेठनं त्याच्या पाठीवर थाप मारली, जशी खरंच छत्तीस एकराची सोंगणी झाली.

पाचच्या सुमाराले मशीनची घंटी वाजली. गुलाबबाईनं वाढलं. सेठ समुद्राकडे पाहत जेवले. मी इतका खूश माणूस मेडशीपासून कारंज्यापर्यंत पाह्यला नाही.

मले इथंच राहायचं. हे आज पहिल्यांदा लिहितो.


२६ नोव्हेंबर

रोज तसंच. घंटी वाजते, सेठ जेवतात. पंचांग कोणी उघडत नाही. आभाळाकडेही कोणी पाहत नाही.


३० नोव्हेंबर, रविवार

काल लिहिणं झालं नाही. काल जे झालं ते मेडशीत सांगितलं तर कोणी चहाही पाजणार नाही, म्हणतीन पोट्टा पिऊन बोलून राह्यला.

काल दुपारपासून ढग. सूर्य कुठी आहे कोणाले माहीत नाही, अन् कोणाले फिकीरही नाही. मशीन होती ना! पडद्यावर मोठ्या अक्षरात: सूर्यास्त ६.०२. आत्ता ४.१०. सेठनं आपली गोळी घेतली. आम्ही गप्पा मारल्या, खालिदभाईनं शेलूबाजारच्या जीपवाल्यायच्या भांडणाची लांबलचक गोष्ट सांगितली. परत पाह्यलं — ४.१०. सेठ म्हणे, "समुद्रावर टाइम कसा आरामात जाते. दुकानात तं दिवस पुरत नाही."

मग त्यायनं नकाशा पुढे आणला. बोट जागची हलेना. "पाह्य, किती स्थिर चालवून राह्यला राजपाल!" मले आनंद झाला. खरं लिहितो, झाला.

थोड्या वेळानं खालिदभाई आपल्या मीटरकडे पाहून म्हणे, "सेठजी, माझ्या हिसाबानं बारा एकर झाले."

"मंग?"

"उभ्या बोटीनं बारा एकर कसे होतीन?"

सगळे मशीनकडे वळलो. ४.१०. सेठनं बटन दाबलं. ४.१०. थापड मारली. ४.१०. अटकली होती! मोबाईल अटकते तशी. कधीपासून, कोणाले माहीत! घंटी वाजली नाही ती याच्यामुळे. अन् त्याच वेळेले खालचे ढग फाटले अन् पाण्याच्या हातभर वर लालभडक सूर्य निघाला. आमच्याकडेच पाहून राह्यला होता लेकाचा.

गुलाबबाई किंचाळल्या. "चूल बंद हाये माही! कनिक नुसती भिजून पडली हाये!" अन् धावत खाली.

सेठ ओरडले, "पश्चिमेले घे! तिकडं उशिरा बुडते!"

मी इंजिन लावलं, शीड खाली सोडलं, बोटीचं नाक सूर्यात घातलं. खालिदभाई बोटांवर हिशोब करे. "शंभर किलोमीटरले चार मिनिट. म्हंजे आपून दहा मिनिट जीव तोडून पळालो तं... चार सेकंद भेटतीन!"

खालून गुलाबबाईचा आवाज — "चार सेकंदात एक घास होते! पळवा!"

पळवली. एवढ्यात मोठी लाट आली, खाली धडाम झालं, अन् गुलाबबाई हात धरून वर आल्या. तव्यावर पडला होता हात, लाल झालेला. मी म्हटलं, बाई, पाण्यात धरा. त्या माझ्याकडे पाहत राह्यल्या. मग सूर्याकडे. मग परत माझ्याकडे.

"राजपाल. हात धू. डोक्याले फडकं बांध. पानी गाळलेलंच घे. पोळ्या टाक."

मी? म्हटलं.

"मंग का सूर्य टाकीन? जा!"

त्यायनं चांगल्या हातानं सुकाणू धरलं. मी खाली गेलो. हात धुतले. दोनदा धुतले. लाटणं हातात घेतलं. हार्वेस्टरवर असताना चौघायचा स्वयंपाक मीच करो, पण ते वेगळं.

वर खालिदभाई ओरडे, "सेठजी, उंच जा! मुंबईत माहा साला विसाव्या माळ्यावर राहते, त्याचा रोजा खालच्यायच्या नंतर सुटते. वरून सूर्य जास्त वेळ दिसते!"

बोटीवर उंच म्हणजे काय? डोलकाठी. तिच्यावरचा दिवा बदलायले आम्ही पट्ट्याची झोळी ठेवतो, बसून वर ओढायची. त्यात नव्वद किलोचे सेठ बसले. खालिदभाई खाली दोरीची गरारी फिरवे अन् प्रत्येक फेऱ्याले "या अल्ला" म्हणे, सेठ वर "णमो अरिहंताणं" म्हणे. खाली मी लाटून राह्यलो. पहिली पोळी गोव्याच्या नकाशासारखी झाली. दुसरी बरी होती. तूप-मीठ लावलं, डब्यात घातलं, दोरीनं सरसर वर सोडलं.

आमच्यासाठी सूर्याची नुसती कड राह्यली होती. मग तीही गेली.

गुलाबबाई वर तोंड करून ओरडल्या, "आमच्याकून गेला! तुमाले दिसते का?"

वरून थोडा वेळ काहीच नाही. मग सेठचा आवाज — "दिसते! दिसून राह्यला! मस्त दिसून राह्यला!"

"मंग खा! बोलू नका! खा!"

लाल आभाळात सेठ झोळीत हलून राह्यले अन् गालफडं हलून राह्यले. खालिदभाई म्हणे, "खाली मगरिब झाली अन् वर अजून दिनच हाये. असा मालक दुनियेत भेटनार नाही." गुलाबबाईनं सुकाणू सोडून हात जोडले. बोट गोल फिरली, मीटर बोंबललं, कोणी बंद केलं नाही.

गुलाबबाई स्वतः उपाशीच राह्यल्या. पण बोट वाचली! मी वाचवली! दोन पोळ्यांनी!


३० नोव्हेंबर, परत

सकाळी सेठ घामानं ओले. ओठ पांढरे, हात कापून राह्यले. "वर वारा लागला," म्हणे. सूर्य निघाल्याबरोबर मुगाची खिचडी अशी खाल्ली की गुलाबबाई पाहतच राह्यल्या. "संध्याकाळी जेवले, तरी?"

तवा तिथंच होता. त्यायनं परत घासला का नाही, मी पाह्यलं नाही. मुद्दामच पाह्यलं नाही.


१ डिसेंबर

डोलकाठीवरची शिडाची गरारी अटकली म्हणून मले झोळीत वर ओढलं. गरारीत काही नव्हतं. तिच्या मागच्या पट्ट्यात, फडक्यात बांधून खोचलेल्या — दोन पोळ्या. एक गोव्याच्या नकाशासारखी. एक घास तुटला नव्हता.

मी वरच बसून राह्यलो. खालून खालिदभाई, "काय भेटलं?" काही नाही म्हटलं.

वर बसून एकच गोष्ट डोक्यात. सूर्य गेला म्हणून नाही खाल्ल्या, का माझ्या हातच्या म्हणून नाही खाल्ल्या?

सेठले एकटं गाठून फडकं पुढे धरलं. सेठ खाली बसले.

"पान्यावर ढग होता रे. डबा पोचला तेव्हाच सूर्य गेलता."

मग "दिसते" काहून म्हटलं?

"नाही म्हटलं असतं तं तिनं तेव्हाच बोट इकली असती. तोंड हलवलं नुसतं. खालून काय समजते?"

मी फडकं धरूनच उभा. माझ्या तोंडावर काय होतं माहीत नाही, पण सेठनं पाह्यलं.

"शिळी मी खात नाही, राजपाल. नाही तं आत्ता तुझ्यापुढं खाऊन दाखवली असती. वास लय चांगला येऊन राह्यलता." मग म्हणाले, "तिले सांगू नको. बोट जाईन. माहीही जाईन, तुहीही जाईन."

खरं बोलले का नाही, माहीत नाही. मले पटलं. आता पटलं म्हणून खरं, का खरं म्हणून पटलं, हे कोणत्या मशीनले विचारू!


२ डिसेंबर

टायवाला येऊन मशीन नीट करून गेला. "कधीमधी अटकते सर, बंद करून चालू करायची." सेठ म्हणे, पुढच्या हप्त्यात लांब जाऊ, चार-पाच दिवस, लक्षद्वीपकडे. माझ्याकडे पाहून हसले. मीही हसलो.

कधीमधी अटकते म्हणे. अन् हे परत तोंड हलवतीन.

पोळ्या माझ्या पिशवीत आहेत. फेकवतही नाहीत.


३ डिसेंबर

सांगितलं.

गुलाबबाई मिरच्या निवडून राह्यल्या होत्या. मी स्वयंपाकाच्या जागेच्या बाहेरच उभा राह्यलो अन् फडकं पुढे ठेवलं. त्यायनं गाठ सोडली. पोळ्या पाह्यल्या. उलटून पाह्यल्या.

"किती खाल्ल्या?"

एकही नाही.

त्यायनं मिरच्यायचं ताट बाजूले सारलं. मग म्हणाल्या, "अन् मी खालून हात जोडून राह्यली होती."

वर सेठ खालिदभाईले लक्षद्वीप किती एकरावर आहे ते विचारून राह्यले होते, मोठ्यानं, लहान पोरासारखे. आम्ही दोघं ऐकत होतो.

"तुही नोकरी जाईन. समजून राह्यलं ना तुले?"

हो.

"मंग काहून सांगतलं?"

मी वर सेठच्या आवाजाकडे पाह्यलं. त्यायनं पोळ्या परत फडक्यात बांधल्या. "आत ये," म्हणाल्या. "बस. उभ्यानं जेवू नको." अन् त्या तव्यावरची गरम पोळी माझ्या ताटात वाढली. मी जेवलो. दोन खाल्ल्या.


८ डिसेंबर

बोट विकली. सेठ माझ्याशी बोलत नाहीत. पण आज पाच वाजताच जेवले. गुलाबबाईनं दोन महिन्यांचा पगार जास्तीचा दिला. धम्मपालदादा फोनवर म्हणे, "एकदम इतके? बढती झाली का बे?" हो म्हटलं. शेवटचे आहेत हे सांगितलं नाही. मायच्या खात्यात पाठवतो — एकतीस हजार पाचशे.